दुःखभोगाची चित्रं कशी पाहावीत: आधी हात बघा

एका मैत्रिणीला मी मोबाइलवर ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराचं क्रूसावरच्या येशूचं चित्र दाखवलं. तिनं क्षणभर पाहिलं, फोन टेबलावर पालथा घातला आणि म्हणाली, "अगं, असलं देवाचं चित्र घरात लावणार कसं?"

प्रश्न रास्त होता. देवाला न्हाऊमाखू घालून, नटवून, प्रसन्न मुद्रेत पाहायची आपल्याला सवय. इथे मात्र देवाचं अंग हिरवट पडलेलं, कातडीत काटे मोडून राहिलेले, ओठ निळे. मी वसईची. लहानपणापासून चर्चच्या भिंतीवर ‘क्रूसाची वाट’, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या प्रसंगांची चित्रं पाहिलेली, तरी हे चित्र पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मीही नजर फिरवली होती. उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं, आणि ते साधं आहे: ते चित्र घरात लावायला केलंच नव्हतं. ते दवाखान्यासाठी होतं.

ज्यांनी बायबल उघडलेलं नाही, युरोपला जायचा बेत नाही, पण अशी चित्रं समोर आली की काय पाहायचं हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. श्रद्धा असलीच पाहिजे अशी अट नाही. वेळ मात्र द्यावा लागेल. एका चित्राला दहा मिनिटं, तीही खाली बसून.

पहिली पायरी: गोष्ट वाचून या

मराठी बायबल कुठेही मिळतं, मोबाइलवरही आहे. येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं. चारहींत दुःखभोगाची, म्हणजे येशूच्या अटकेपासून मरणापर्यंतची हकीकत शेवटाकडे येते: मत्तय २६ आणि २७, मार्क १४ आणि १५, लूक २२ आणि २३, योहान १८ आणि १९. एकच वाचायचं तर मार्क वाचा. त्याला पाल्हाळ माहीत नाही, अर्ध्या तासात होतं. गोडी लागली तर फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ आहेच. १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेलं, ओव्यांमधलं. इंग्लंडहून आलेल्या माणसानं लिहिलेली ती मराठी वाचताना चित्राबिचित्राचा विसर पडेल, हा धोका सांगून ठेवते.

वाचताना गेथशेमाने बागेपाशी थांबा. अटकेची रात्र आहे, शिष्य झोपलेत, आणि येशू प्रार्थना करतो की होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो, पण माझ्या नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. म्हणजे समर्पण आधी घडतं आणि चाबूक, काटे, खिळे मागाहून येतात. हा क्रम डोक्यात असला की पुढची सगळी चित्रं वेगळी दिसतात. आणि तो सहजासहजी ‘हो’ म्हणत नाही, आधी ‘टळू दे’ म्हणतो, हेही लक्षात ठेवा. शेवटी लागणार आहे.

या प्रसंगाची दोन चित्रं लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहेत, एक इटलीच्या मांतेन्या या चित्रकाराचं आणि एक त्याचा मेहुणा जोवान्नी बेल्लिनीचं, दोन्ही पंधराव्या शतकातली. मांतेन्याचे खडक असे की हात लावला तर कापेल. बेल्लिनीनं मात्र मागे पहाट फुटताना दाखवली आहे. दोन्हींत शिष्य गाढ झोपलेले आणि दुरून शिपायांची रांग येताना दिसते. संग्रहालयाच्या वेबसाइटवर दोन्ही मोठी करून बघा. मला विचाराल तर बेल्लिनी.

दुसरी पायरी: क्षण कुठला ते ओळखा

नवख्याची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सगळी चित्रं सारखीच वाटतात. म्हणून आधी शिडी शोधा. शिडी असेल, देह अर्धवट हवेत असेल, तर तो क्रूसावरून उतरवतानाचा क्षण. देह आईच्या मांडीवर असेल तर पिएता. जमिनीवर आडवा आणि भोवती माणसं रडत असतील तर विलाप. कबरीच्या तोंडाशी असेल तर दफन. हात बांधलेले, डोक्यावर काट्यांचा मुकुट, अंगावर झगा आणि शेजारी कुणी अधिकारी गर्दीला दाखवतोय, तर तो पिलातासमोरचा, ‘पाहा, हा मनुष्य’ म्हणण्याचा प्रसंग.

माणसं ओळखणंही सोपं आहे. दाढी न आलेला, बहुतेकदा लाल वस्त्रातला तरुण म्हणजे शिष्य योहान. केस मोकळे सोडलेली, जवळ उटण्याची बरणी असलेली स्त्री म्हणजे येशूची अनुयायी मग्दालिया मरिया. क्रूसाच्या पायथ्याशी कवटी दिसली तर घाबरू नका. गुलगुथा म्हणजे ‘कवटीची जागा’, आणि ती कवटी आदामाची, अशी जुनी समजूत आहे.

तिसरी पायरी: अंगठ्यानं चेहरा झाका

ही माझी स्वतःची युक्ती. आपली नजर सवयीनं चेहऱ्यावर जाते, चेहऱ्यावर दुःख दिसलं की ‘अरेरे’ म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढचं चित्र बघायला निघतो. म्हणून मोबाइलवर किंवा छापील चित्रावर येशूच्या चेहऱ्यावर सरळ अंगठा ठेवा आणि आधी फक्त हात बघा. सगळ्यांचे.

ग्रूनेवाल्डच्या चित्रावरच करून पाहू. हे ‘इझेनहाइमचं वेदीचित्र’ म्हणून ओळखलं जातं, वेदीचित्र म्हणजे चर्चमधल्या पूजेच्या वेदीवर उभं केलेलं चित्र. १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेलं, आज फ्रान्समध्ये कोलमार गावातल्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. मधलं क्रूसाचं दृश्य तीन मीटर रुंद, म्हणजे आपल्या बेतशीर खोलीची एक पूर्ण भिंत.

येशूचे हात क्रूसाच्या दोन टोकांना आहेत. खिळा तळव्याच्या मधोमध, आणि दहाही बोटं ताठ, फाकलेली, वर आभाळाकडे. मेलेल्या माणसाची बोटं अशी राहतात का? डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, चित्रकारानं मरणाच्या क्षणाची कळ त्या बोटांत धरून ठेवली आहे. वरचं आडवं लाकूड बघा. ते देहाच्या वजनानं धनुष्यासारखं वाकलंय. लाकूड वाकण्याइतका भार हातांवर आहे, हे कळायला एवढं पुरे.

आता डावीकडे खाली मग्दालिया. गुडघ्यांवर, बोटं एकमेकांत अडकवून हात वर उचललेले, बोटं मागे वळतील इतकी ताणलेली. येशूच्या बोटांचं जणू छोटं प्रतिबिंब. तिच्यामागे पांढऱ्या वस्त्रांत मरियामाता, कोसळण्याच्या बेतात. तिचे हातही जोडलेले, पण त्यांत जोर उरलेला नाही. तिला सावरणाऱ्या योहानाचा हात तिच्या पाठीमागून आलाय. तीन माणसं, आणि दुःखाचे तीन हात: एक ताणलेला, एक गळालेला, एक दुसऱ्याला धरणारा.

आणि उजवीकडे बघा. बाप्तिस्मा करणारा योहान उभा आहे, म्हणजे शिष्य योहान नव्हे, येशू येणार हे आधी सांगणारा. गोष्ट वाचून आला असाल तर इथे अडखळायला हवं, कारण त्याचा शिरच्छेद आधीच झालेला, तो तिथे असूच शकत नाही. चित्रकाराला ते माहीत आहे. त्यानं त्याला मुद्दाम उभं केलंय, एका हातात उघडं पुस्तक, दुसऱ्या हाताचं प्रमाणाबाहेर लांब बोट येशूकडे रोखलेलं. रडणं नाही, भेकणं नाही. हाताशेजारी लॅटिन अक्षरं आहेत, योहानाच्या शुभवर्तमानातली (३:३०), अर्थ असा की त्यानं वाढावं आणि मी कमी व्हावं. समर्पणाची याहून थोडक्यात व्याख्या मला माहीत नाही, आणि ती एका बोटावर तोलून धरलेली आहे.

आता अंगठा काढा. चेहरा बघा. तो आता वेगळा दिसेल.

चौथी पायरी: हे कुणासाठी टांगलं होतं ते विचारा

इझेनहाइमला संत अंतोनींच्या नावानं चालणारा मठ होता. आपल्या वसई-मुंबईकडच्या वाचकांसाठी खुलासा: हरवलेली वस्तू शोधून देणारे, १३ जूनला ज्यांचा सण असतो ते पदुआचे संत अंतोनी हे नव्हेत. हे त्याच्या कितीतरी आधीचे, इजिप्तच्या वाळवंटात तप करणारे, सण १७ जानेवारीचा. माझी आजी या दोघांत आयुष्यभर गल्लत करत राहिली आणि तिचं काही अडलं नाही.

या मठातले साधू एका रोगाच्या माणसांची सेवा करत. अंगात आग, फोड, मग बोटं, हात, पाय काळे पडून गळून जाणं. लोक याला ‘संत अंतोनींची आग’ म्हणत. कारण पुढे कळलं: राय नावाच्या धान्यावर पडणारी अरगट बुरशी. आपल्याकडच्या बाजरीवाल्याला हे नाव नवं नाही. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारं काढून टाकतात ते याच रोगामुळे. बाजरीवरची बुरशी वेगळी, पण त्याच कुळातली. ओलसर वर्षी, टंचाईत, गरिबाच्या भाकरीत ती पिठासोबत दळली जायची. मठात रोग्यांना चांगल्या धान्याचा पाव मिळे, औषधी वनस्पतींचा लेप मिळे, आणि सडलेला अवयव कापावा लागला तर तेही तिथेच.

आता परत चित्राकडे या. येशूच्या कातडीवरचे ते फोड, तो हिरवट रंग, ते वळलेले पाय. ज्याच्या पायाला हेच झालंय असा माणूस या चित्रासमोर आणून बसवला जात होता. त्याला ‘अरेरे’ म्हणायची गरज नव्हती. माझ्या मैत्रिणीला जे किळसवाणं वाटलं, ते त्याला ओळखीचं वाटलं असणार. वर ज्याचं अंग आहे, त्याचं अंग माझ्यासारखं आहे.

अजून एक गोष्ट समजायला कागद हातात घ्या. खरंच घ्या. हे वेदीचित्र म्हणजे सपाट फळी नाही, देव्हाऱ्याला दारं असतात तशी त्याला दारं आहेत, एकाआड एक दोन जोड्या. एक आडवा कागद घ्या, दोन्ही बाजूंनी दुमडून मध्ये मिटवा, काही लग्नपत्रिका असतात तशा. बाहेरून क्रूसाचं दृश्य काढा, नुसत्या रेघा चालतील. पण क्रूस अगदी मध्यावर काढू नका, दारांच्या फटीच्या जरा उजवीकडे काढा, कारण ग्रूनेवाल्डनं तसंच केलंय. आता दार उघडा. येशूचा एक हात देहापासून सुटून दारासोबत बाजूला जातो! खालच्या लांबट पट्टीत येशूच्या मृतदेहाभोवतीचा विलाप आहे, तीही उघडते आणि पाय गुडघ्यापासून वेगळे होतात. अवयव गमावलेल्या रोग्यांसाठी हे मुद्दाम केलं, असं काही अभ्यासक म्हणतात. मुद्दाम असो वा नसो, हात गमावलेल्या माणसानं ते दार उघडताना पाहिलं असेल तर त्याला काय वाटलं असेल, एवढा विचार करून कागद मिटवा.

दार उघडल्यावर आत काय? रंगच रंग. देवदूतानं मरियेला दिलेला निरोप, वाद्यं वाजवणारे देवदूत, बाळाला मांडीवर घेतलेली आई, आणि शेवटी पुनरुत्थान, जिथे येशू प्रकाशाच्या गोळ्यात वर उठतोय आणि त्याची कातडी नितळ आहे. एकही फोड नाही. फक्त खिळ्यांच्या जखमा आहेत, त्याही चमकणाऱ्या. ही दारं रोज उघडत नसत, सणावारी उघडत. एरवी फोड बघायचे आणि सणाला नितळ कातडी.

पाचवी पायरी: रक्त नसलेलं चित्रही बघा

इथवर आलात तर एक गैरसमज व्हायची शक्यता आहे, की जेवढं रक्त जास्त तेवढी भक्ती मोठी. म्हणून लगेच उलट टोकाला जा.

स्पेनचा झुर्बारान. १६२८ साली त्यानं संत सेरापिओचं चित्र केलं, आज अमेरिकेत हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम संग्रहालयात आहे. सेरापिओ ज्या पंथाचा होता त्याचं काम कैदेत पडलेल्या ख्रिस्ती लोकांना पैसे भरून सोडवणं. नेहमीच्या तीन व्रतांबरोबर त्यांचं चौथं व्रत असं, की वेळ पडली तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचं. सेरापिओ असाच हाल होऊन मेला. चित्रात एक थेंब रक्त नाही. दोन्ही मनगटं दोरानं वर बांधलेली, मान खांद्यावर कललेली, आणि बाकी सगळा पांढरा झगा, त्याच्या जाड, शांत चुण्या. हात बघा. ग्रूनेवाल्डच्या फाकलेल्या बोटांच्या अगदी विरुद्ध, ही बोटं झोपलेल्या मुलाच्या बोटांसारखी सैल आहेत. हे चित्र सेव्हिलच्या मठात ज्या दालनात होतं, तिथे वारलेल्या साधूंचे देह दफनाआधी ठेवत. पुन्हा तोच प्रश्न, कुणासाठी. इथे पाहणारे म्हणजे तेच व्रत घेतलेले, समोर आपल्या सोबत्याचा देह ठेवलेले लोक.

त्याच झुर्बारानचं एक छोटं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. काळ्या पार्श्वभूमीवर, करड्या फळीवर एक जिवंत मेंढरू, चारी पाय एकत्र बांधलेले. बस. ना क्रूस, ना माणूस, ना देवदूत. येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हणतात हे माहीत नसेल तर कुणी खाटकाच्या दुकानातलं चित्र म्हणेल. त्या लोकरीत बोट खुपसावंसं वाटतं, इतकी ती खरी आहे. ते धडपडत नाही. मला हे चित्र क्रूसाच्या कितीतरी चित्रांपेक्षा सहन करायला जड जातं.

प्रादोमध्येच रोखियर वान देर वायडेनचं क्रूसावरून उतरवतानाचं चित्र आहे, १४३५च्या सुमाराचं, लूवेनच्या धनुर्धाऱ्यांच्या संघटनेसाठी केलेलं. कोपऱ्यांच्या नक्षीत चिमुकली धनुष्यं दडवलेली आहेत, शोधा. पण आधी हात. येशूचा देह जसा कलला आहे तस्साच बेशुद्ध मरियेचा देह कललाय, आणि दोघांचे लोंबते हात जवळजवळ आलेत, एक जखमेचा आणि एक बिनजखमेचा. मुलाचं दुखणं आईच्या अंगात उतरतं, हे सांगायला आपल्या भाषेत ‘पोटात तुटणं’ आहे. रोखियरनं तेच रंगवलंय.

फ्लोरेन्सच्या सान मार्को मठातल्या एका खोलीतलं फ्रा आंजेलिकोचं भित्तिचित्र जमलं तर नक्की बघा. डोळ्यांवर पट्टी बांधलेला येशू बसलाय आणि त्याला मारणारे हात हवेत नुसतेच तरंगताहेत, त्यांना धडच नाही. खाली मरिया बसलेली, आणि ज्यांच्या पंथाचा हा मठ ते संत दोमिनिक पुस्तक वाचत, हनुवटीला हात लावून. तो वर बघतही नाही. खोलीत राहणाऱ्या साधूनं काय करायचं हे चित्रच सांगून टाकतं: वाच आणि मनात आण.

सहावी पायरी: जवळच्या चर्चमध्ये सराव करा

कोलमार लांब आहे. पण वसई, मुंबई, पुणे, गोवा, जिथे कॅथलिक चर्च आहे तिथे आतल्या भिंतींवर ‘क्रूसाची वाट’ असते, चौदा स्थानं. चित्रं असोत की उठावाची शिल्पं, बहुतेक ठिकाणी ती साधीच असतात, छापील प्रतीही चालवलेल्या असतात. सरावाला तेच उत्तम, कारण कलेचं दडपण येत नाही. लहानपणी ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही चौदाही स्थानांना गुडघे टेकत चालायचो. सातव्या स्थानाला, येशू दुसऱ्यांदा पडतो तिथे, माझे गुडघे बोलायला लागायचे आणि त्या पडण्याविषयी मला खरोखर सहानुभूती वाटायची.

तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानाला येशू पडतो. हे पडणं शुभवर्तमानांत कुठेही नाही. चौथ्या स्थानातली आईची भेट नाही, सहाव्यातली तोंड पुसायला रुमाल देणारी वेरोनिकाही नाही. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही वाट चालताना स्वतःची भर घातली. पाचव्यात सीमोन क्रूस उचलायला येतो, तो मात्र आहे, आणि त्याला जबरदस्तीनं धरून आणलंय. त्याचे हात बघा: चित्रकार बरा असेल तर नाखुषी हातांत दिसते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पवित्र मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू असताना फिरू नका, मागच्या बाकावर बसा, संपल्यावर निवांत बघा. फोटो काढण्याआधी विचारा. उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत गेलात तर क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडानं झाकलेल्या असू शकतात. क्रूसाची वाट मात्र झाकत नाहीत. शुभ शुक्रवारी मिस्सा नसते, त्या दिवशी क्रूसाला वंदन असतं आणि गर्दी असते, चित्रं बघायला तो दिवस नव्हे.

आपल्या मातीतलं बघायचं तर दोन नावं. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात राहून काम केलेले आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७), ज्यांची मरिया साडी नेसते. आणि साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सोझा, ज्यांचं १९५९चं क्रूसाचं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. काळं, काटेरी, ओरबाडलेलं. फोन्सेकांच्या चित्रापुढे शांत बसता येतं, सोझांचं चित्र तसं बसू देत नाही. दोघांची चित्रं एका दिवशी बघू नका, एक दुसऱ्याला मारतं.

आणि तो कागद

एक राहिलं. इझेनहाइमच्या सगळ्यात आतल्या दारांवर संत अंतोनींच्या छळाचं चित्र आहे. राक्षस त्यांचे केस ओढताहेत, काठ्यांनी मारताहेत, आणि डाव्या कोपऱ्यात एक फोडांनी भरलेला, फुगलेल्या पोटाचा जीव पडलाय, अर्धा माणूस, अर्धा बेडूक. नजर आपोआप तिकडे जाते. तुम्ही उजवा खालचा कोपरा बघा. तिथे एक कागद रंगवलाय, आणि त्यावर लॅटिनमध्ये अंतोनींची तक्रार लिहिली आहे: कुठे होतास, भल्या येशू, कुठे होतास? माझ्या जखमा बऱ्या करायला का आला नाहीस?

विठोबाला ‘कुठे गुंतलास’ म्हणून जाब विचारणाऱ्या भाषेत वाढलेल्या आपल्याला हा कागद समजावून सांगायला नको. मठातल्या बहुतेक रोग्यांना लॅटिन येत नसणार. कुणीतरी साधू शेजारी उभा राहून, ओळीखाली बोट धरून, त्यांना ते त्यांच्या बोलीत सांगत असेल.